‘कोलंबो’चा संच: पीटर फॉकसाठी कोणती पेटी घ्यावी, कोणती नको

सगळे ६९ भाग एकाच पेटीत मिळतात म्हणून ती पेटी घेऊ नका. ‘कोलंबो’ म्हणजे पीटर फॉकने पोलीस गुप्तहेर साकारलेली अमेरिकन टीव्ही मालिका. तिचे १९६८ ते १९७८ या काळातले ४५ भाग घ्या आणि वाचलेल्या पैशांत पीटर फॉकचे दोन-तीन सिनेमे आणा. उरलेले २४ भाग १९८९ ते २००३ दरम्यान एबीसी वाहिनीसाठी काढले होते. त्यातले मोजके सोडले तर बाकीचे एकदा पाहून कपाटात जातात, ते पुन्हा बाहेर निघत नाहीत. मालिका थोर आहे की नाही यावर इथे वाद घालायचा नाही. पैसे कुठे घालायचे, एवढाच प्रश्न आहे.

बाजारात फिरणारे संच तीन जातींचे आहेत. रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप, आणि एनटीएससी व पाल या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती. अमेरिकेतली डीव्हीडी रीजन १ ची, एनटीएससी पद्धतीची. ब्रिटनमधली रीजन २ ची, पाल पद्धतीची. तिसरे ब्लू-रे, किनो लॉर्बर कंपनीने २०२३ पासून अमेरिकेत आणलेले, रीजन ए चे. किनोने सत्तरच्या दशकाची पेटी वेगळी आणि नंतरच्या भागांची वेगळी काढली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही फोड म्हणजे त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम.

आता अडचण. भारत डीव्हीडीसाठी रीजन ५ मध्ये येतो आणि ब्लू-रेसाठी रीजन सी मध्ये. म्हणजे वरच्या तिन्हींपैकी एकही पेटी नागपुरात घेतलेल्या साध्या प्लेअरवर आपसूक चालेलच असं नाही. डीव्हीडीचं कुलूप बहुतेक प्लेअरमध्ये कच्चं असतं. काही मुळातच ऑल-रीजन येतात, काहींना रिमोटवर ठरावीक आकडे दाबले की मोकळे होतात. ब्लू-रेचं तसं नाही. त्याच्या रीजनसाठी बहुधा आतल्या सर्किटमध्येच फेरफार करून घ्यावा लागतो. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, प्लेअर घेताना दुकानदार ‘सब चलता है भाऊ’ म्हणतो तेव्हा तो डीव्हीडीबद्दल बोलून राहिला असतो, आणि प्रामाणिकपणेच बोलत असतो. त्यामुळे ब्लू-रे घ्यायचा विचार असेल तर रीजन ए ची एखादी डिस्क सोबत नेऊन दुकानातच लावून पाहावी. मेनू आला म्हणजे झालं. रीजनची सूचना झळकली तर प्लेअर परत खोक्यात.

कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन जास्तीत जास्त पाच वेळा बदलता येतो आणि पाचव्या वेळेला जो ठेवाल तो कायमचा. आज अमेरिकन डिस्क, उद्या ब्रिटिश, परवा इथली असं करत गेलं की ड्राइव्ह कुठेतरी तिसरीकडेच अडकून बसतो.

नातेवाईक अमेरिकेतून येताना प्लेअरच घेऊन येत असतील तर आधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा. ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. ‘१२० व्होल्ट’ एवढंच असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट लावला की पॉवर सप्लाय गेलाच म्हणून समजा. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. १०० व्हीए क्षमतेचा पुरतो, कारण प्लेअर फार वीज खात नाही.

ब्रिटिश डीव्हीडी बहुधा स्वस्त पडते आणि जुन्या मालात तीच जास्त दिसते. तिची गोम वेगात आहे. ही मालिका फिल्मवर, सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झाली. पाल पद्धतीला सेकंदाला २५ लागतात, म्हणून तीच फिल्म चार टक्के वेगाने पळवतात. ९६ मिनिटांचा भाग ९२ मिनिटांत आटोपतो. दुसऱ्या एखाद्या मालिकेत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथे येतं, कारण हा सगळा खेळ थांबण्याचा आहे. कोलंबो दाराशी जातो, थांबतो, कपाळाला हात लावतो, वळतो. तो थांबा चार टक्क्यांनी आखडतो. शिवाय आवाजाची दुरुस्ती केलेली नसेल तर पट्टी चढते आणि फॉकचा घोगरा, खरबरीत आवाज पातळ होतो. अमेरिकन डीव्हीडीत हा दोष नाही. एनटीएससी म्हणून टीव्हीवर चालेल का, ही काळजी नको. आपल्याकडचे आजचे बहुतेक सपाट टीव्ही दोन्ही पद्धती घेतात.

पेटीत नेमकं मिळतं काय, तर एका नटाची जवळपास पस्तीस वर्षं. पीटर फॉक १६ सप्टेंबर १९२७ चा, न्यूयॉर्कचा. वयाच्या तिसऱ्या वर्षी डोळ्याच्या कर्करोगामुळे उजवा डोळा काढावा लागला आणि तिथे कृत्रिम डोळा बसला. सिराक्यूज विद्यापीठातून त्याने लोकप्रशासनात पदव्युत्तर पदवी घेतली, कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प खात्यात नोकरी केली आणि तिशी जवळ आल्यावर ती सोडून नाटकात शिरला. कोलंबिया स्टुडिओने पडद्यावरच्या चाचणीनंतर त्याला घेतलं नाही. त्यानंतर ‘मर्डर, इन्क.’ (१९६०) आणि फ्रँक काप्राचा ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’ (१९६१) या दोन सिनेमांसाठी सलग दोन वर्षं साहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. १९६२ मध्ये टीव्हीवरच्या ‘द प्राइस ऑफ टोमॅटोज’साठी एमी पारितोषिक आलं. ‘कोलंबो’साठी आणखी चार एमी आली: १९७२, १९७५, १९७६ आणि थेट १९९० मध्ये.

हा कृत्रिम डोळा ब्लू-रेवर जसा दिसतो तसा डीव्हीडीवर दिसत नाही, आणि माझ्या मते जास्त पैसे मोजण्याचं हे एक कारण पुरेसं आहे. जवळच्या चौकटीत पाहा. डावी नजर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या हाताकडे सरकते, उजवी जागची हलत नाही. बाजूला पाहायचं तर फॉक नुसती नजर वळवत नाही, अख्खी मान वळवतो, वर डोकं तिरकं करतो. गोंधळलेल्या, वेंधळ्या माणसाची जी ढब आपण ‘कोलंबो’ म्हणून ओळखतो, तिचा पाया इथे आहे. डीव्हीडीवर डोळे म्हणजे दोन काळे ठिपके राहतात आणि हे बारीक काम वाहून जातं. कोटाचंही तेच. तो मळकट रेनकोट फॉकचा स्वतःचा होता. ब्लू-रेवर त्याच्या बाहीच्या सुरकुत्या मोजाव्यात इतक्या स्पष्ट आहेत.

नवख्यांना एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. यात खुनी कोण हे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत दाखवून टाकतात आणि तोवर बहुधा फॉकचा पत्ताच नसतो. कंटाळून पुढे सरकवू नका. तो खून ज्या बेताने होतो, त्यातलाच एखादा धागा शेवटी ओढला जाणार असतो. मराठी प्रेक्षकाला ही रीत परकी नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये लखोबा खोटारडा आहे हे पहिल्यापासून ठाऊक असूनही लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत होते. ते नाटक १९६२ चं. आणि रिचर्ड लेव्हिन्सन व विल्यम लिंक यांचं ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ हे नाटक, ज्यातून कोलंबो पुढे आला, तेही अमेरिकेत १९६२ मध्येच दौऱ्यावर होतं. त्यात कोलंबो होता थॉमस मिचेल, वयस्क नट. फॉक आला १९६८ च्या टीव्ही चित्रपटात.

दाराबाहेर गेलेला कोलंबो ‘अजून एक शेवटचं’ म्हणत परत येतो, तो प्रकारही ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ नाटकातला. लेखकांना एक प्रवेश तोकडा वाटला, कोलंबो तर बाहेर पडलेला. पान पुन्हा टाइप करण्याचा कंटाळा, म्हणून त्यांनी त्याला परत आत आणला. आळसाने इतकं भलं क्वचितच केलं असेल.

१९६८ चा भाग आधी लावलात तर थोडा धक्का बसेल. केस विंचरलेले, सूर धारदार, माणूस बराच कडक. पुढे दिसणारा ढगळ कोलंबो १९७१ पासूनचा. म्हणून सुरुवात ‘मर्डर बाय द बुक’पासून करावी: १५ सप्टेंबर १९७१, लेखन स्टीव्हन बोचको, दिग्दर्शन स्टीव्हन स्पिलबर्ग, वय तेव्हा २४. सुरुवातीला फक्त टाइपरायटरचा खडखडाट ऐकू येतो, तेवढ्यासाठी आवाज जरा वाढवून ठेवा.

पहिल्या सत्रातले भाग जाहिराती वगळून सव्वा तासाच्या आसपासचे. पुढे वाहिनीला दोन तासांचा वेळ भरायचा होता म्हणून काही भाग ९५ मिनिटांच्या पुढे गेले. मधेच एखादा प्रवेश उगाच रेंगाळतोय असं वाटलं तर बहुतेक वेळा कारण हे आहे. आठवड्याच्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर पाहायचं तर आखूड भाग निवडा. डिस्कच्या पाकिटावर वेळ छापलेली नसेल तर प्लेअरचं डिस्प्ले बटण दाबलं की कळते.

ज्याला एकच भाग पाहून ठरवायचंय त्याने ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’ (१९७३) लावावा. डोनाल्ड प्लेझन्स त्यात वाइनचा दर्दी व्यापारी आहे. तळघरातली थंड हवा बंद ठेवलेली असताना बाहेर कडक ऊन पडतं, साठवलेली वाइन नासते, आणि त्या नासलेल्या चवीवर कोलंबो आरोपीला धरतो. एका दिवसाच्या उन्हाने माल हातचा जातो, हा पुरावा नागपूरकराला समजावून सांगायची गरज नाही. खरी गंमत वेगळीच: शेवटच्या मोटारीतल्या प्रवेशात फॉक जवळजवळ काहीच करत नाही. बाटली पुढे करतो, समोरच्याचं ऐकतो. खुन्याबद्दल आदर वाटणारा पोलीस हे अवघड काम आहे, आणि ते फॉकने खांदे खाली सोडून केलंय.

पाहुण्या नटांमुळे या मालिकेला वजन आहे. जॅक कॅसिडी तीनदा खुनी, रॉबर्ट कल्प तीनदा, पॅट्रिक मॅक्गूहन चारदा. मॅक्गूहनने पाच भाग दिग्दर्शितही केले आणि दोनदा एमी नेलं. त्याचा ‘बाय डॉन्स अर्ली लाइट’ (१९७४) चार्ल्स्टनच्या ‘सिटाडेल’ या लष्करी महाविद्यालयात चित्रित झालाय. कवायतीच्या मैदानावर तो चुरगळलेला रेनकोट कसा दिसतो, एवढ्यासाठी तरी बघा. त्याच मॅक्गूहनचा ‘लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर’ (१९७६) मात्र फसलेला. त्यात मालिकेची ठरलेली रीत मोडली आहे, आणि तिच्या जागी जे आलं त्याला ना शेंडा ना बुडखा. काहींना तो आवडतो म्हणे. आवडो बापडा.

एबीसीच्या २४ भागांतले ‘अजेंडा फॉर मर्डर’ (१९९०) आणि ‘कोलंबो गोज टू कॉलेज’ (१९९०) हे दोन चुकवू नयेत. ‘नो टाइम टू डाय’ (१९९२) आणि ‘अंडरकव्हर’ (१९९४) सरळ सोडा. दोन्ही एड मॅकबेनच्या कादंबऱ्यांवरून केलेले, ते दुसऱ्याच कुठल्या पोलीस मालिकेचे वाटतात. पहिल्यात तर खूनच नाही, अपहरण आहे. बाकीच्यांत सगळ्यात जास्त खुपतं ते हे की फॉकला स्वतःची लोकप्रियता ठाऊक झाली आहे. पेन्सिल शोधायला लागणारा वेळ दुप्पट झालाय आणि प्रत्येक शोध प्रेक्षकांकडे बघून चाललाय.

टीव्हीच्या सेटिंगवर पाच मिनिटं खर्च करा. मालिका जुन्या चौकोनी आकाराची, ४:३. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच, ते तसेच राहू द्या. ‘झूम’ लावून पडदा भरला की वर-खालचा भाग कापला जातो, आणि या मालिकेत पुरावे बऱ्याचदा तिथेच असतात. ‘एट्यूड इन ब्लॅक’ (१९७२) मधला निर्णायक पुरावा आहे कोटाच्या गळपट्टीवरचं फूल. जवळच्या चौकटीत ते खालच्या कडेला येतं. झूममध्ये ते गेलं तर भाग कळणारच नाही. ‘मोशन स्मूदिंग’, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं, जे काही असेल ते बंद करा. आवाज मोनो आहे, सराउंडच्या नादी लागू नका. हिंदी-मराठी सबटायटल्स नाहीत, इंग्रजी आहेत. फॉक पुटपुटतो, सिगार तोंडात ठेवून बोलतो, म्हणून इंग्रजी चांगलं असणाऱ्यांनीही ती लावावीत.

पेटीत जे नाही ते महत्त्वाचं आहे. फॉकचं सगळ्यात कडक काम ‘कोलंबो’त नाहीच, ते दिग्दर्शक-नट जॉन कॅसावेटीसच्या सोबत आहे. ‘हजबंड्स’ (१९७०) मध्ये फॉक, कॅसावेटीस आणि बेन गझारा हे तिघे. ‘अ वूमन अंडर द इन्फ्लुएन्स’ (१९७४) साठी फॉकने स्वतःचे पैसेही घातले. त्यात तो नवरा आहे, मजूर टोळीचा मुकादम. बायकोच्या भूमिकेतल्या जीना रोलंड्सच्या मानसिक पडझडीपुढे तो बायकोवर प्रेमही करतो आणि तिच्या अंगावर खेकसतोही, दोन्ही एकाच श्वासात. सत्तरच्या दशकात हाच माणूस दुसरीकडे कोलंबो म्हणून नम्रपणे उकडलेली अंडी सोलत होता, यावर विश्वास बसत नाही. इलेन मे यांचा ‘मायकी अँड निकी’ (१९७६) एका रात्रीत घडतो, त्यात मित्राला दगा देणारा मित्र फॉक आहे. हे पाहून ‘कोलंबो’कडे परत आलात की ही मंडळी तिथेही भेटतात: कॅसावेटीस ‘एट्यूड इन ब्लॅक’चा खुनी, रोलंड्स ‘प्लेबॅक’ (१९७५) मध्ये, आणि गझाराने दोन भाग दिग्दर्शित केलेले. घरातल्यांना सोबत घेऊन पाहायचं असेल तर ‘द इन-लॉज’ (१९७९) किंवा ‘द प्रिन्सेस ब्राइड’ (१९८७), ज्यात तो नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा आहे. त्याच वर्षीच्या विम वेंडर्सच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’मध्ये तो चक्क पीटर फॉक म्हणूनच वावरतो आणि बर्लिनच्या रस्त्यावरची पोरं त्याला कोलंबो म्हणून ओळखतात. यातले बहुतेक सिनेमे अमेरिकेच्या क्रायटेरियन या डिस्क कंपनीने काढलेत आणि त्यांचेही ब्लू-रे रीजन ए चेच. म्हणजे किनोच्या पेटीसाठी प्लेअर मोकळा करून घेतला असेल तर तोच खर्च इथेही वसूल होतो. ब्रिटिश डीव्हीडी घेणाऱ्याला हा फायदा नाही.

ठेवायचं कुठे, हा नागपुरात वेगळा प्रश्न आहे. उन्हाळ्यात कूलर सुरू असलेल्या खोलीत दमट हवा दिवसरात्र फिरते. पुठ्ठ्याची पेटी फुगते, कागदी पाकिटं डिस्कला चिकटतात, पावसाळा लागेपर्यंत त्यावर बुरशीचे ठिपके येतात. संच कूलरच्या झोतापासून लांब, लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत उभा ठेवावा. आडवा रचला की वजनाने खालच्या डिस्क वाकतात. पश्चिमेच्या भिंतीला लागून प्लेअर ठेवू नका. मे महिन्यात संध्याकाळी ती भिंत तापलेली असते आणि आधीच धुळीने मंद झालेली लेझरची भिंग त्या उष्णतेत डिस्क वाचायला कुरकुर करते. डिस्क पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत, मऊ सुती कापडाने. गोल फिरवून पुसलं की ओरखडा रेकॉर्डिंगच्या रेषेबरोबर जातो आणि तो प्लेअरला सावरता येत नाही.

जुना संच घेत असाल तर युनिव्हर्सल कंपनीच्या जुन्या अनेक डीव्हीडी दोन्ही बाजूंनी भरलेल्या असत, हे माहीत असावं. त्यांना चित्र छापलेली बाजूच नसते, त्यामुळे विकणाऱ्याने टाकलेल्या फोटोवरून ओरखडे कळत नाहीत. दोन्ही बाजूंचे फोटो मागा, आणि मधल्या भोकाभोवती तडा आहे का ते बघा. घट्ट खाचेतून डिस्क खेचून काढणाऱ्यांच्या हातून हा तडा हमखास जातो. पार्सल आलं की प्रत्येक डिस्क निदान साधारण मध्यावर आणि शेवटच्या पाच मिनिटांत लावून पाहा. दोन थरांच्या डिस्कमध्ये एका थरावरून दुसऱ्यावर जाताना, म्हणजे मध्याच्या आसपास, चित्र गोठतं. सगळ्याच डिस्क तिथे गोठत असतील तर दोष प्लेअरच्या भिंगाचा. एकच गोठत असेल तर डिस्कचा, आणि ती परत करायची मुदत पार्सल हातात पडल्या दिवसापासून मोजली जाते.